कठड्यावरचे फोन

माझं काम सांगितलं की समोरचा माणूस आधी मान डोलावतो आणि मग हळूच विषय बदलतो. मी फलक चालवते. हा फलक चौकातल्या खांबावर टांगलेला नाही. तो नरपडला, चिकूच्या वाडीतल्या एका शेडमध्ये, जुन्या संगणकाच्या पोटात आहे. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची माणसं फोनवरून त्यावर लिहितात आणि त्याहून कितीतरी जास्त बोलतात. रेशनच्या दुकानात तांदूळ आला का, शाळेत मास्तर का येत नाहीत, वनहक्काच्या दाव्याची सुनावणी कधी. एकानं विचारलं की त्याखाली दुसरा उत्तर देतो, आणि ते सगळं जिथल्या तिथं राहतं.

फोनवर ग्रुप असताना हे कशाला, असं मला डहाणू रोडच्या स्टेशनपासून कलेक्टर कचेरीच्या जिन्यापर्यंत सगळ्यांनी विचारलेलं आहे. पूर्वी मी यावर अर्धा तास बोलायचे. आता थोडक्यात सांगते. ग्रुपवरची गोष्ट वाहून जाते. सकाळी टाकलेली सुनावणीची तारीख दुपारपर्यंत सुप्रभातच्या गुलाबांखाली गाडली जाते. शिवाय तो ग्रुप आपला नसतो, ज्या कंपनीचा असतो तिला तलासरी कुठं आहे तेही ठाऊक नसतं. फलक आमचा आहे. त्याचा कारभार आम्ही करतो, आणि चुकलो तर शिव्याही आम्हीच खातो.

हा ताठा घरचा आहे. माझे बाबा संघटनेची पत्रकं काढायचे. मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर लागण्याआधी मी 'जाहीर' हा शब्द ओळखायला शिकले होते, कारण तो घरातल्या प्रत्येक कागदावर सगळ्यात मोठा असायचा. जेवणं झाली की आम्ही पत्रकांच्या घड्या घालायचो. दुसऱ्या दिवशी वाटणारे कार्यकर्ते परत आले की बाबा कधीच विचारायचे नाहीत की किती वाटली. त्यांचा प्रश्न एकच असायचा, शेवटच्या पाड्यावर गेलं का? 'जवळपास सगळीकडे' हे उत्तर त्यांना चालायचं नाही. मग संध्याकाळी ते स्वतः सायकल काढायचे.

फलकावरची गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सरावलीचे एक निवृत्त गुरुजी आहेत, ते कुठल्याही विषयावर आधी शुद्धलेखन तपासतात आणि मग मत देतात. नरपडच्या एक बाई रोज बोंबलाचा भाव टाकतात आणि त्याखाली रोज भांडण होतं. आणि चैत्यामामा. त्यांचा बोकड हरवला. त्यांनी त्याचं वर्णन फलकावर बोलून टाकलं, त्यात शिंगांचा बाक, कपाळावरचा पांढरा ठिपका आणि बोकडाचा स्वभाव असं सगळं होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा टाकलं, जास्त सविस्तर. बोकड मिळाला नाही, पण ते ऐकायला लोक जमू लागले.

'बोलून टाकलं' याचा अर्थ सांगायला हवा. पाड्यांवर रेंज नाही. म्हणून दर पाड्यावर एक जण फोन घेऊन असतो. त्याला लोकांनीच 'फलकदार' असं नाव दिलं, मी नाही. आठवडाभर लोक त्याच्या फोनमध्ये आपापलं बोलून ठेवतात, स्वतःच्या बोलीत, हवं तेवढं. तलासरीच्या आठवडे बाजाराला तो खाली उतरतो, रेंजमध्ये येतो आणि साठलेलं सगळं पाठवतो. परत जाताना बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडून अख्ख्या फलकाची ताजी प्रत फोनच्या कार्डात भरून नेतो. मग संध्याकाळी पाड्यावर माणसं बसून फलक ऐकतात.

हे सगळं उभं करताना आमच्यात जे एकच मोठं भांडण झालं, ते डेटाबेसवरून. आमच्यात म्हणजे माझं आणि हेमंतकाकांचं. हेमंतकाका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, नरपडच्या बागायतदार घरातले. शेड त्यांची, वाडी त्यांची, वीज गेली तर लागणारी बॅटरीही त्यांची. मला ते 'पुढारी' म्हणतात. चिडवायला म्हणतात, पण आता त्याला इतकी वर्षं झाली की नावानं हाक मारली तर मला वाटतं काहीतरी बिनसलंय.

डेटाबेस म्हणजे फलकाच्या मागची कोठी. लोक बोलतात ते तिथं साठतं, मागितलं की तिथून निघतं. आमच्यासमोर दोन प्रकार होते. पहिला घरातल्या भाताच्या कणगीसारखा. सगळं एका फायलीत, राखायला वेगळा माणूस नको, उचलली आणि दुसरीकडे नेली. तिला तोंड मात्र एकच. एक जण भात ओतत असेल तर दुसऱ्यानं सूप धरून उभं राहायचं. दुसरा प्रकार गोदामासारखा. त्याला अनेक दारं, आत हमाल, वर मुकादम. एकाच वेळी अनेकांचा माल आत जातो. पण गोदाम उचलून नेता येत नाही, आणि मुकादम आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोणीतरी बसावं लागतं. पहिल्याचं नाव एसक्यूलाइट, दुसऱ्याचं पोस्टग्रेस. दोन्ही फुकट, दोन्ही चांगले. नावं विसरलात तरी बिघडत नाही, कणगी आणि गोदाम लक्षात ठेवा.

मी कणगीच्या बाजूची. माझं म्हणणं असं की लोकांचं बोलणं लोकांच्या हातात मावलं पाहिजे. अख्खा फलक, आवाजांसकट, एका फायलीत. ती फाईल खिशात घालून कोणीही पाड्यावर नेऊ शकतो. उद्या आमचं मशीन जळालं, आम्हाला कोणी उचलून नेलं, तरी फलक पाड्यापाड्यावर जिवंत राहील. पत्रकाचा गठ्ठा असाच असतो. मी हे उभं राहून बोलले. शेडमध्ये आम्ही दोघंच होतो, तरी उभं राहून.

हेमंतकाका चिकू निवडत होते. त्यांनी एकच विचारलं, "एका वेळी किती जण बोलणार?"

मी आठवड्याचा हिशेब सांगायला लागले.

"आठवड्याचं नाही विचारलं, पुढारी. एक्स्चेंज केवढं बांधायचं हे गावात फोन किती त्यावर ठरत नाही. एका वेळी किती जण रिसीव्हर उचलतात त्यावर ठरतं."

मी म्हटलं, हे टेलिफोन खातं नाही. ही चळवळ आहे. ते हसले आणि पिकलेला चिकू पुढे केला. कणगी ठरली.

आणि ती छान चाललीही. बाजाराच्या दिवशी मी मशीनपाशीच बसायचे, कारण आमचा कामाचा दिवस तोच. पाड्यांचे आवाज एकामागून एक यायचे. एक पूर्ण झाला की पुढचा, तो झाला की त्याच्या पुढचा. ना धक्काबुक्की, ना गोंधळ. मी काकांना बोलावून दाखवलं, बघा कसे शिस्तीत येतायत. काकांनी पडदा नीट पाहिला. मग म्हणाले, "फारच शिस्तीत येतायत." मला वाटलं, हरलेल्या माणसाचं बोलणं.

आता लाडकीबायबद्दल सांगते. तिचा पाडा तलासरीच्या पार पूर्वेला, हद्दीच्या डोंगराला टेकलेला. तिचा मुलगा सुनील गुजरातेत वेरावळला मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. इकडचे पुष्कळ जण जातात. बोट एकदा सुटली की पंधरा-वीस दिवस समुद्रात, मग दोन-तीन दिवस बंदरात, की पुन्हा समुद्रात. सुनीलचा फोन जाळं ओढताना पाण्यात गेला होता. बंदरात आला की तो कधी चहावाल्याचा, कधी आणखी कोणाचा फोन मागून फलक उघडायचा आणि आईशी बोलायचा. त्याच्याशी गाठ पडायची दुसरी वाटच नव्हती. लाडकीबाय त्याला घरचं सांगायची. गाईची पाडी कशी उड्या मारते, वालाला फूल आलं, शेजारणीनं काय म्हटलं. कामाचं काहीच नसायचं त्यात. एका चौकशीवाल्या साहेबांनी मला विचारलं होतं की असली बडबड साठवून काय करणार. मी त्यांना जे उत्तर दिलं ते या अंकात छापता येणार नाही.

तर एका बाजाराच्या आदल्या दिवशी सुनीलचा आवाज आला. नेहमीसारखा नव्हता. "आये, माझा आवाज जातो का तुझ्यापर्यंत? किती दिवस झाले, घरचा कोण बोलला नाय. सगळी बरी ना? परवा बोट सुटते. काय असंल ते उद्याच्या बाजारात सांग."

मी मागे जाऊन पाहिलं. त्या पाड्याचं काही आलं नव्हतं. मागच्या बाजारीही नाही, त्याच्या मागच्या बाजारीही नाही. एखाद्या वेळी आलं, मग पुन्हा गप्प. मी ते पूर्वी पाहिलं नव्हतं असं नाही. मला वाटलं होतं, सध्या त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसेल. लाडकीबायकडे सांगण्यासारखं काही नाही! हे माझ्या डोक्यात आलं तरी कसं, हे मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन काकांवर सोपवून मी तलासरीला गेले. झेरॉक्सवाल्याला फलकदार कुठं भेटतील विचारलं, त्यानं मोरीकडे, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाकडे, बोट दाखवलं. बाजारात इतकी माणसं एका टॉवरखाली येतात की रेंज असून नसल्यासारखी होते, म्हणून फलकदार बाजाराबाहेरच्या मोरीवर जमायचे. तिथं जरा बरी मिळते.

मोरीच्या कठड्यावर फोन ओळीनं मांडलेले होते. एकाला एक लागून, हातपंपावर हंडे लावतात तसे. एकावर खूण म्हणून मिरची ठेवलेली, एकाला लाल दोरा. फोनवाले कोणी बाजार करत होते, कोणी आंब्याखाली गप्पा मारत होते. ओळीतल्या पहिल्या फोनपाशी एक जण बसलेला. त्या फोनमधलं सगळं गेलं की तो बाजूला काढायचा आणि पुढच्यावर बोट ठेवायचा.

मी विचारलं, हे काय? त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. दोघांनी एकदम पाठवलं तर तुझा फलक 'थांबा' म्हणतो ना, मग आम्ही नंबर लावले, असं त्यांनी मला सांगितलं.

खरंच म्हणत होता. कणगीचं तोंड एक. शिवाय आवाजही तिच्यातच साठवायचे हा माझाच आग्रह, त्यामुळे मंद रेंजवर एकेक आवाज आत जायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ तोंड अडलेलं राहायचं. दुसरा कोणी आला तर त्याला परत लावायचं आणि पडद्यावर वाक्य दाखवायचं: 'थांबा, दुसरं कोणी बोलत आहे.' इंग्रजी आकडे आणि धमक्या दाखवण्यापेक्षा माणसासारखं वाक्य असावं म्हणून ते मी मुद्दाम तसं लिहिलं होतं. त्याचा मला अभिमान होता. आणि माणसांनी ते माणसासारखं मानलं. दुसरं कोणी बोलत असेल तर थांबायचं, यात तक्रार कसली? जगातल्या दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी लोकांनी फलक बिघडला म्हणून बोंब मारली असती. आमच्याकडे त्याची रीत पडली.

फक्त हातपंपावर जो लांबून येतो तो शेवटी उभा राहतो, आणि इथंही तसंच झालं होतं. वनशा, म्हणजे लाडकीबायच्या पाड्याचा फलकदार, सगळ्यात दुरून यायचा. त्याच्या बाजूची परतीची जीप सगळ्यात आधी सुटायची. नंबर लागला तर लागला. नाही लागला तर कार्डात नवी प्रत भरून, पाठवायचं तसंच फोनमध्ये घेऊन तो परत जायचा. म्हणजे सुनीलचं बोलणं आईला ऐकू येत होतं आणि आईचं बोलणं वनशाच्या खिशात राहत होतं.

तेवढ्यात वनशा आला, त्याच्याबरोबर लाडकीबायही. मुलाला एक निरोप द्यायचाच म्हणून ती या वेळी स्वतः उतरली होती. मी तिला सुनीलचा आवाज ऐकवला. ती कठड्याच्या शेवटी बसली आणि मला सांगू लागली. सुनीलच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. लग्नात भावाचं काम भावानंच करायचं. उद्या बोट सुटली तर सुनील परत बंदरात येईपर्यंत लग्न होऊन गेलेलं असणार. आणि त्याला हे अजून माहीतच नव्हतं.

जीपवाला हॉर्न वाजवू लागला होता. वनशाच्या पुढे फोनांची लांब रांग. ती संपेपर्यंत संध्याकाळ उलटणार, आणि मागितलेला फोन तेव्हा सुनीलच्या हाती असेलच असं नव्हतं. मी माझा फोन काढला. फलकाच्या सगळ्या चाव्या माझ्याकडे असतात. रांगेतल्या सगळ्यांना अडवून लाडकीबायचा आवाज आधी आत घेणं हे माझ्या हातचं काम होतं.

वनशानं माझ्या फोनवर हात ठेवला.

"नंबर मोडू नको, ताई."

मी म्हटलं, अरे, हिच्या मुलाची बोट सुटते आहे.

"ते हाय. पण आज तू आमच्यासाठी मोडशील. उद्या साहेब येल, तो त्याच्यासाठी मोडंल. मग आमी कोणाला बोलणार?"

लहानपणापासून मी जी पत्रकं घड्या घालून ठेवली, त्यांतलंच हे वाक्य होतं. फक्त ते माझ्याविरुद्ध कोणी वापरेल असं वाटलं नव्हतं. मी लाडकीबायकडे पाहिलं. तिनं हातानंच नको म्हटलं. तिलाही नंबर मोडायला नको होता.

कठड्यावर त्या वेळी पहिला फोन होता चैत्यामामांचा, त्यांच्या पाड्याचे फलकदार तेच. त्यांच्या बोकडाचं वर्णन हळूहळू वर चढत होतं. लाडकीबाय त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भावा, तुझा बोकड मिळंल, पण तुझं बोलणं संपायचं नाय."

आंब्याखालचे सगळे हसले. चैत्यामामाही हसले. मग उठले, आपला फोन उचलला, चालू असलेलं पाठवणं रद्द केलं आणि फोन नेऊन रांगेच्या शेवटी ठेवला. वनशाचा फोन उचलून आपल्या जागी आणला.

"पंपावर हंडा बदलता येतो," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "माझा नंबर हिला. हिचा मना. बोकड काय, इतके दिवस गेला, आनखी जाईल."

यात कोणाचाच नंबर मोडला नव्हता. वनशानं मान डोलावली, आणि फोनवर बोट ठेवलं.

लाडकीबायचा आवाज पुरा गेला तेव्हा जीप चालू झालीच होती. वनशा आणि ती धावत जाऊन मागच्या फळीवर बसले. चैत्यामामा तिथंच राहिले, आपल्या शेवटच्या नंबरची वाट बघत. त्यांच्या शेजारी मीही बसले आणि त्या बोकडाबद्दल जे काही ऐकायचं राहिलं होतं ते सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये मी मशीनसमोरून हलले नाही. काका वाडीत पाणी सोडून आले, चहा ठेवून गेले, तो निवला. मग वेरावळहून आवाज आला. पाठीमागे इंजिनांची धडधड होती. "ऐकला, आये. तांडेलाला सांगितला. ही बोट माझ्याशिवाय जाते. मी येतो." मी तो काकांना ऐकवला. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या, त्याला सांगून ऐन वेळी उतरणं सोपं नसतं हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. काका चष्मा पुसत राहिले.

मग मी त्यांना कठड्यावरच्या रांगेचं सांगितलं. मला वाटलं, आता एक्स्चेंजचा विषय निघणार. तो निघाला नाही. काका एवढंच म्हणाले, "एका वेळी सगळेच, नाही का? बाजार म्हटल्यावर सगळे एका वेळीच." आणि गोदाम बांधायला बसले.

पोस्टग्रेसवर जाणं हे सांगायला एका ओळीचं काम आहे. करताना आम्ही घायकुतीला आलो. पहिल्या खेपेला जुन्या फायलीतली अक्षरं नीट उतरली नाहीत, आणि फलकावर प्रत्येकाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ आली. सरावलीच्या गुरुजींचा फोन आला की आज सगळेच प्रश्न विचारतायत, उत्तर कोणी द्यायचं? सगळं पुसून पुन्हा केलं. आवाज डेटाबेसमधून काढून शेजारी वेगळे ठेवले, म्हणजे मंद रेंजवर कोणाचाही आवाज दुसऱ्याचं दार अडवणार नाही. गोदामाचा मुकादम सांभाळायचं काम काकांनी घेतलं. ते त्याची रोज सकाळी, चिकूच्या झाडांसारखी, चौकशी करतात.

कणगी मात्र मी सोडली नाही. पाड्यांसाठी दर आठवड्याला अख्ख्या फलकाची एक फाईल अजूनही निघते, खिशात मावणारी. साठवायला गोदाम आणि वाटायला कणगी, असं आमचं ठरलं. काका म्हणतात ते जिंकले. मी म्हणते मी जिंकले. लग्नात सुनीलला हा वाद ऐकवला, तेव्हा त्यानं आम्हा दोघांच्या पानात आणखी भात वाढला आणि पुढच्या पंगतीकडे गेला. भावाला त्या दिवशी खूप काम असतं.

गोदाम सुरू झाल्यानंतरच्या बाजारी मी मुद्दाम तलासरीला गेले. मोरीचा कठडा रिकामा होता. फलकदार जिथं असतील तिथून पाठवत होते, कोणी भज्यांच्या गाडीपाशी, कोणी चालता चालता. कोणी कोणासाठी थांबत नव्हतं. हे मीच घडवून आणलं होतं, तरी तो रिकामा कठडा बघून मला थोडं चुकल्यासारखं झालं. तिथं बसून लोक एकमेकांच्या पाड्यांची हालहवाल विचारायचे. ते आता कुठं विचारणार? हा प्रश्न मी काकांना अजून विचारलेला नाही, कारण त्याला डेटाबेसमध्ये उत्तर नाही. चैत्यामामा तेवढे सवयीनं येऊन आंब्याखाली बसले होते. बोकड मिळाला नव्हता.

पूर्वेकडची जीप हॉर्न वाजवू लागली. मी वनशाला शोधत होते. त्याचं पाठवून झालं असेल का, ही धाकधूक अजून गेली नव्हती. तो बाजारातून येताना दिसला, सावकाश, दोन्ही हात भरलेले. एका हातात सुकटीची पुडी, दुसऱ्या हातात बायकोसाठी घेतलेल्या बांगड्या, कागदात गुंडाळलेल्या. मला म्हणाला की पाठवून केव्हाच झालं, मग म्हटलं जरा बाजार बघू. इतके महिने तो दर आठवड्याला बाजाराला येत होता आणि त्याला बाजार करायला वेळच मिळाला नव्हता.